जेंडर स्टडीजमध्ये एम.ए. : बोईसर-पालघरच्या मुलींसाठी आणि त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी माहिती

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. सोबत तिचे अब्बू होते. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली वीस वर्षं शिफ्ट करणारा साधा, कष्टाळू माणूस. मुलगी नुकतीच बी.ए. झाली होती. चहा संपेपर्यंत अब्बू गप्प होते, मग म्हणाले, "मॅडम, हिला जेंडर स्टडीजमध्ये एम.ए. करायचंय म्हणे. हे नेमकं असतं काय? आणि बी.एड. सोडून हे केलं तर पुढे काय?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी बाजू घेईन अशी तिला आशा होती. पण अब्बूंचा प्रश्नही चुकीचा नव्हता. घरात कमावणारा एक, शिकणारी तीन मुलं. अशा घरात दोन वर्षं आणि इतका पैसा कशावर घालायचा, हे विचारायला नको का? त्या दिवशी मी जे सांगितलं आणि नंतर जे शोधून काढलं, ते सगळं इथे एकत्र देते. असा प्रश्न आणखी घरांतही असणारच.

हा विषय म्हणजे काय?

मराठीत याला स्त्री-अभ्यास किंवा लिंगभाव अभ्यास म्हणतात. मुलगा किंवा मुलगी म्हणून जन्माला येणं ही एक गोष्ट. पण मुलीने काय शिकावं, कोणतं काम करावं, कुणाच्या कामाला मजुरी मिळावी आणि कुणाचं काम घरचं म्हणून फुकट जावं, हे समाज ठरवतो. समाजाने ठरवलेल्या या भागाला लिंगभाव म्हणतात. तो कसा तयार झाला, कायद्यात, शाळेत, बाजारात, घरात तो कसा चालतो, याचा अभ्यास म्हणजे जेंडर स्टडीज. यात पुरुषांचाही अभ्यास येतो. 'मर्द रडत नाही' हे मुलाला कोण शिकवतं, हाही याच विषयातला प्रश्न आहे. मुलगेही हा अभ्यासक्रम करतात.

दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये साधारण चार सत्रं असतात. स्त्रीवादी विचारांचा इतिहास, भारतातली स्त्रियांची चळवळ, जात-धर्म आणि स्त्री, काम आणि मजुरी, आरोग्य, कायदा, विकासाच्या योजना आणि संशोधन पद्धती असे पेपर असतात. शेवटी एक प्रबंध किंवा प्रकल्प लिहावा लागतो. वाचन खूप आणि लिहिणं त्याहून जास्त. 'सोपा विषय आहे, घरबसल्या होईल' असं समजून कुणी घेऊ नये.

मुंबईपासून सुरू झालेला विषय

हा विषय परदेशातून तयार होऊन आला असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडची हकीकत वेगळी आहे. भारतातलं स्त्री-अभ्यासाचं पहिलं विद्यापीठीय संशोधन केंद्र १९७४ मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात सुरू झालं. ते उभं केलं समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी. एस.एन.डी.टी. म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं विद्यापीठ. त्याच १९७४ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा 'समानतेकडे' या अर्थाच्या नावाचा अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती सुधारत गेली असं सगळे धरून चालले होते. अहवालातले आकडे वेगळंच सांगत होते. देशात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचं प्रमाण घटत होतं आणि कामातला त्यांचा वाटाही घटत होता. या धक्क्यातून विद्यापीठांत हा विषय रुजला. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, तीही मुंबईत एस.एन.डी.टी.मध्येच. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या मदतीने देशभर केंद्रं निघाली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. विद्युत भागवत आणि नंतर शर्मिला रेगे यांनी ते नावारूपाला आणलं.

त्याच्याही मागे जायचं तर पुण्याच्या १८४८ च्या शाळेपाशी जावं लागतं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. सावित्रीबाई आजारी होत्या आणि कामाचा भार फातिमावर पडतोय याची त्यांना काळजी होती. फातिमा शेख यांच्याबद्दल लेखी पुरावा फार थोडा उरला आहे. का उरला नाही? कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून. हा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे.

आपल्या समाजाचा याच्याशी काय संबंध?

काही पालक विचारतात, हे शिकून मुलगी दीनपासून दूर तर नाही ना जाणार? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. वर्गात वेगवेगळ्या विचारांचं वाचन होतं, काही पुस्तकं धर्मावर कठोर टीका करतात. पण वाचणं म्हणजे मानणं नव्हे. परीक्षेत तर वाद समजून घेऊन आपली बाजू पुराव्यानिशी मांडणाऱ्या मुलीलाच चांगले गुण मिळतात.

आणि आपल्या परंपरेतही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हजरत आयेशा (र.) यांच्याकडून दोन हजारांहून जास्त हदीस रिवायत झाल्या, हे आपण मदरशात शिकलोच. मौलाना मोहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची माहिती गोळा करायला घेतली. एक छोटी पुस्तिका होईल असं त्यांना वाटलं होतं. २०२१ मध्ये तो ग्रंथ ४३ खंडांत छापून आला. उर्दूत १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निसवाँ' हे स्त्रियांचं साप्ताहिक निघालं, संपादक होत्या मुहम्मदी बेगम. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या आणि तिथली रोजनिशी त्यांनी याच साप्ताहिकात छापली. बंगालमध्ये रुकैया सखावत हुसैन यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली. आपल्या महाराष्ट्रात रजिया पटेल यांनी १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांवरच्या सिनेमाबंदीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे शिक्षणक्षेत्रात संशोधन केलं. यातल्या प्रत्येकीशी आपण सहमत असलंच पाहिजे असं नाही. पण त्या होत्या, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं.

आता कायद्याचं बघा. शाहबानो निकाल १९८५ चा, त्यानंतरचा कायदा १९८६ चा. पुष्कळांना गोष्ट इथेच संपली असं वाटतं. प्रत्यक्षात २००१ मध्ये डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवऱ्याने इद्दतच्या काळातच तलाकशुदा बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची आहे. २०१७ मध्ये शायरा बानो निकाल, २०१९ मध्ये एकाच वेळी तीन तलाक गुन्हा ठरवणारा कायदा आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा निकाल, की तलाकशुदा मुस्लिम स्त्री सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागू शकते. टीव्हीवर यावर किती आरडाओरडा झाला! त्यात शांतपणे, कायदा वाचून बोलणारी आपल्या घरातली मुलगी किती वेळा दिसली? आपल्याबद्दल सगळे बोलतात, लिहितात, अहवाल काढतात. २००६ चा सच्चर अहवाल आला, राज्यात महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल आला. ते वाचून पुढचा अहवाल लिहिणारं कुणीतरी आपल्यातूनही यायला हवं.

कुठे शिकता येईल?

१) टाटा समाजविज्ञान संस्था, देवनार, मुंबई. १९३६ ची जुनी संस्था. इथे स्त्री-अभ्यासात एम.ए. आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तिची नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते. म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षातच डोळे उघडे ठेवायचे. निकालानंतर जागं होऊन उपयोग नाही.

२) सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. इथल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रात या विषयात एम.ए. करता येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना सोबत घेऊन शिकवण्याची या केंद्राची परंपरा आहे आणि मराठीतलं वाचनसाहित्यही त्यांनी तयार केलंय. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनी आधी इथे चौकशी करावी.

३) मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, हैदराबाद. केंद्रीय विद्यापीठ, स्थापना १९९८. इथे स्त्री-अभ्यासात एम.ए. उर्दू माध्यमातून होतं. दहावी, बारावी किंवा पदवीला उर्दू विषय वा माध्यम असल्याचं दाखवावं लागतं. आपल्या उर्दू शाळांतून शिकलेल्या मुलींना ही वाट फारशी कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

४) दिल्ली आणि अलीगढ. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या सरोजिनी नायडू केंद्रात जेंडर स्टडीजचं एम.ए. आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही स्त्री-अभ्यासाचं केंद्र आणि एम.ए. आहे.

५) इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. इथे 'जेंडर अँड डेव्हलपमेंट स्टडीज' आणि 'विमेन्स अँड जेंडर स्टडीज' असे दोन एम.ए. आहेत. पदवी कोणतीही चालते. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करायचं. प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. प्रत्येक पेपरला असाइनमेंट लिहून द्यावी लागते. ती वेळेत दिली नाही तर परीक्षा देऊनही निकाल अडकतो. नोकरी करणाऱ्या किंवा लग्न झालेल्या मुलींसाठी हा सगळ्यात जमणारा पर्याय आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे 'पत्राने केलेली डिग्री' म्हणून कुणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका.

बोईसरहून ये-जा होईल का?

खरं सांगायचं तर देवनारला रोज जाणं अवघड आहे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली हे उपकारच, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्या. देवनारसाठी दादरला गाडी बदलायची, कुर्ल्याला पुन्हा बदलायची आणि हार्बरने गोवंडी गाठायचं. एक गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. जाऊन-येऊन दिवसाचे सहा तास सहज जातात. ज्या मुलीला रात्री बसून पन्नास पानं वाचायची आहेत, तिचा सगळा जोर रुळांवरच संपेल. म्हणून नियमित प्रवेश घ्यायचा तर वसतिगृहाचं आधी बघा. वसतिगृह मिळत नसेल आणि मुंबईत जवळचे नातेवाईक नसतील, तर इग्नू बरं. 'पहिलं वर्ष अप-डाऊन करू, मग बघू' या बेतावर अर्ध्यावर शिक्षण सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. नव्या धोरणानुसार एम.ए.चं पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर पदव्युत्तर डिप्लोमा मिळू शकतो, हेही लक्षात असू द्या. पण तो नाइलाजाचा रस्ता आहे, तो आधीपासून ठरवून जाऊ नका.

पैशाचं काय?

संस्थेप्रमाणे फीमध्ये खूप फरक आहे. इग्नू आणि केंद्रीय विद्यापीठांची फी तुलनेने कमी असते. फीसोबत वसतिगृह, मेस आणि प्रवासाचा खर्चही कागदावर मांडा. चालू वर्षाची फी संस्थेच्या माहितीपत्रकातच बघा, गेल्या वर्षीच्या आकड्यावर जाऊ नका.

शिष्यवृत्तीबद्दल तीन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली : केंद्राच्या अल्पसंख्याक पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीवर भरवसा ठेवून प्रवेश घेऊ नका. ती गेली काही वर्षं रखडली आहे. एम.फिल.-पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिपही डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

दुसरी : जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींची फी माफ केली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. 'सगळ्या मुलींचं सगळं शिक्षण फुकट झालं' असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही. साध्या एम.ए.ला ही माफी धरून चालू नका.

तिसरी : आपल्यातल्या मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार अशा बऱ्याच बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना महाडीबीटीवरच्या ओबीसी योजनांसाठी अर्ज करता येतो. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा. हे दाखले काढायला महिने जातात. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहून काही होत नाही. मुलगी बारावीत असतानाच हे काम उरकून टाका.

नोकरीचं खरं चित्र

इथे मी गोड बोलणार नाही. जेंडर स्टडीज हा शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात शिकवला जाणारा वेगळा विषय नाही. त्यामुळे शिक्षकाची नोकरी हेच ध्येय असेल तर मराठी, उर्दू, इतिहास, इंग्रजी अशा शिकवायच्या विषयातलं एम.ए. आणि बी.एड. हीच सरळ वाट. जेंडर स्टडीज मग इग्नूतून जोडीला करता येईल.

कॉलेजात शिकवायचं तर यूजीसीच्या नेट परीक्षेत स्त्री-अभ्यास हा विषय आहे. त्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, ओबीसी नॉन-क्रिमीलेअरला ५० टक्के. जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.साठी दरमहा पैसे मिळतात. तिची वयोमर्यादा ३० वर्षं असून स्त्रियांना ५ वर्षांची सूट आहे. मात्र हा विभाग असलेली कॉलेजं थोडी, म्हणून प्राध्यापकाच्या जागाही थोड्याच.

मग काम कुठे मिळतं? स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, बचत गटांचं काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ, 'उमेद' अभियान, सखी वन स्टॉप सेंटर, सर्वेक्षणं, पत्रकारिता. पोलीस ठाण्यांमधले स्त्रियांसाठीचे विशेष कक्ष टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केले आणि पुढे राज्याने ते स्वीकारले. पण समुपदेशकाच्या पुष्कळ पदांना समाजकार्याची पदवी मागतात. जिला थेट पीडित स्त्रियांसोबत काम करायचंय, तिने एम.एस.डब्ल्यू.चाही विचार करावा. जाहिरातीतली पात्रतेची ओळ दोनदा वाचा.

आणि आपल्या दारातलं एक काम. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्यात एक सदस्य बाहेरचा, या विषयाची जाण असलेला हवा. समिती नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आता तारापूर एमआयडीसीतले कारखाने डोळ्यासमोर आणा. औषधं, रसायनं, कापड, पोलाद, आणि पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या बायका. नुसत्या पदवीवर कुणी लगेच समितीवर घेणार नाही, अनुभव लागतो. पण पाच-सात वर्षं या क्षेत्रात काम केलेली, मराठी-हिंदी-उर्दू तिन्ही बोलणारी, इथल्या वस्त्या ओळखणारी बाई बोईसरमध्ये लागणारच आहे.

प्रबंधाचे विषय घराजवळच आहेत

मुलींना वाटतं, संशोधन म्हणजे दिल्लीतलं काहीतरी. आपला जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला आणि इथे विषयांची खाणच आहे. ठेकेदाराकडे कामाला जाणाऱ्या बायकांची मजुरी आणि पाळ्या. अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या स्त्रियांना पुनर्वसनात काय मिळालं. वाढवण बंदरामुळे मासळी विकणाऱ्या बायकांच्या धंद्याचं काय होणार. डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीतली मजुरी. पहाटेच्या लोकलमधला लेडीज डबा. आपल्या मोहल्ल्यात घरी बसून नगावर मजुरी करणाऱ्या अम्मी आणि खाला, ज्यांची कामगार म्हणून कुठेच नोंद होत नाही. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आज अंगणवाडी सेविकांची स्थिती काय आहे, हाही विषय होतो.

अर्ज करण्याआधी

• मुलीने आधी एक-दोन पुस्तकं वाचून बघावीत. विद्युत भागवत यांचं 'स्त्री प्रश्नाची वाटचाल' मराठीत आहे. ताराबाई शिंदे यांचं १८८२ मधलं 'स्त्री पुरुष तुलना' छोटंसंच आहे. वाचताना कंटाळा आला तर हा विषय आपला नाही, हे आत्ताच कळेल.
• रोज इंग्रजीची दोन पानं वाचायची सवय लावा. बरंचसं वाचन त्याच भाषेत आहे.
• संस्था आणि अभ्यासक्रम यूजीसीमान्य आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटला पैसे देऊ नका.
• पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, आधार आणि दाखल्यांवर नाव एकसारखं आहे का तपासा. उर्दू नावांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं आणि तिथेच अर्ज अडकतात.
• लग्नाची बोलणी चालू असतील तर शिक्षणाची गोष्ट तेव्हाच स्पष्ट बोला. निकाहनाम्यात शर्त लिहिता येते, आणि पुढचं शिक्षण ही शर्त मुलीकडचे घालू शकतात.

त्या दिवशी अब्बूंना मी एवढंच म्हटलं, "भाई, डॉक्टरकी-इंजिनिअरिंगसारखी या पदवीची नोकरी दारात उभी नसते. पण मुलगी मेहनती असेल तर रिकामीही बसत नाही." त्यांनी घरी जाऊन विचार केला. शेवटी तोडगा निघाला तो असा : मुलगी बी.एड.ला बसली आणि इग्नूचा अर्जही भरला. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, एक नियमित आणि एक दूरशिक्षणातली अशी जोडी चालते. मात्र बी.एड. कॉलेजला आधी विचारून घ्या, कारण तिथे हजेरी आणि शाळेतले पाठ सक्तीचे असतात.

पहिल्या असाइनमेंटसाठी तिने अम्मीच्या दिवसभराच्या कामाचे तास मोजले. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. वही अब्बूंनीही पाहिली. ते काही बोलले नाहीत. पण मुलगी सांगत होती, दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली त्यांनी स्वतः भरली.